जिथं गहू, तिथं लाल

*फ्रिजवरची चिठ्ठी, लाल शाईत:*
*उघडण्यापूर्वी हात दाखवावेत.*

"कुणाला दाखवायचे?" दिनाबाईंनी चिठ्ठी वाचून विचारलं.

"मला," मिक्सरच्या मागून आवाज आला.

"आणि तुम्ही घरी नसाल तर?"

"तर उघडायचा नाही."

पेसाहला अजून नऊ दिवस होते. तरी शालोम वाकरूळकर मिक्सर उलटा करून, जुना टूथब्रश हातात नि बॅटरी कपाळाला बांधून त्याच्या पोटात शिरले होते. डिसेंबरात दिनाबाईंनी त्यात रवा फिरवला होता, आणि रव्याचा एक कण जरी राहिला तरी... पुढचं वाक्य ते कधीच पूर्ण करत नसत. ऐकणाऱ्याने घाबरून स्वतः पूर्ण करावं, अशी अपेक्षा असे.

पेसाह म्हणजे ज्यू लोकांचा आठ दिवसांचा सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून पूर्वज निसटले ते इतक्या घाईत, की कणीक फुगायलाही उसंत मिळाली नाही. त्याची आठवण म्हणून हे आठ दिवस घरात खमिराचं काही ठेवायचं नाही. पाव नाही, बिस्किट नाही, रवा नाही, शेवया नाहीत. खायचा तो मत्सा: पीठ आणि पाणी एकत्र आल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून काढलेली, पातळ, कडक, बिनखमिराची रोटी. पूर्वज एका रात्रीत बाहेर पडले होते. त्यांच्या त्या घाईची आठवण ठेवायला वाकरूळकरांना सव्वा महिना लागे.

त्याला कारण होतं. वाकरूळकर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं दर्जा तपासनीस होते. मोटारीच्या इंजिनात बसणारं रबरी वायसर केसभर जाड निघालं की अख्खा लॉट परत, अशी त्यांची कीर्ती. निवृत्तीनंतर तपासायला वायसरं उरली नाहीत. घर उरलं, दिनाबाई उरल्या आणि धर्म उरला. पहिल्या दोघांनी सहकार्य केलं नाही.

छावणीतल्या त्या गल्लीत ज्यू घर हे एकच. गल्लीला ज्यू म्हणजे काय हे पंचवीस वर्षांत नीट कळलं नव्हतं. "म्हणजे ख्रिश्चन ना?" असं कुणी विचारलं की वाकरूळकर "नाही" म्हणत, आणि विचारणारा समजून मान हलवी: "अच्छा, पारशी." पण पेसाह जवळ आला की गल्लीला बरोबर कळे. जुनी गादी बाहेर येई, अर्धा भरलेला हिंगाचा डबा बाहेर येई (हिंगात गव्हाचं पीठ कालवतात, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि वाकरूळकर सोडून जगात कुणी वाचत नाही), आणि गल्ली आपापला वाटा उचलून नेई.

यंदा मात्र नुसता सण नव्हता. यंदा रिव्काताई येणार होती.

रिव्काताई वाकरूळकरांची थोरली बहीण, राहायला ठाण्यात. पाच वर्षांपूर्वी ती याच सणाला आली असताना तिचा हात सोफ्याच्या दोन गाद्यांच्या फटीत गेला आणि बाहेर आला तो खारीचा नखाएवढा तुकडा घेऊन. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने तो तुकडा रुमालात बांधला, सण उरकला, ठाण्याला गेली, आणि शनिवारच्या प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या अंगणात चार बायकांसमोर रुमालाची गाठ सोडली.

त्या दिवसापासून वाकरूळकर हे ठाण्यापासून पेणपर्यंत 'औरंगाबादचे खारीवाले' झाले. शहराचं नाव बदललं, पण यांचं बदललं नाही. एका लग्नात तर एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्यांना बाजूला घेऊन खारी काय किलो पडते असं विचारलं होतं. गृहस्थ गंभीर होता. त्याला खरंच बेकरी वाटली होती.

"यंदा तिने भिंग घेऊन यावं," वाकरूळकर मिक्सरला म्हणाले.

*तांदळाच्या पिंपावर:*
*तीन फेऱ्या. तिसरी चष्म्यासह.*

वाकरूळकरांकडे सणात भात चाले. फक्त तांदळात गव्हाचा दाणा चुकून असता कामा नये. म्हणून तांदूळ तीनदा निवडायचा. ते काम मनकर्णाबाईंचं. मनकर्णाबाई हर्सूलहून येत, बारा वर्षं या घरात होत्या, अक्षर ओळखत नसत, पण वाकरूळकरांना ओळखत.

गेली आठ वर्षं एक चमत्कार घडत होता. दुकानातून आलेल्या पहिल्या पोत्यात, बरोबर तिसऱ्या फेरीत, बरोबर एक गहू निघे. टपोरा, स्वच्छ, डाग नसलेला. मनकर्णाबाई तो तळहातावर ठेवून वाकरूळकरांसमोर धरत आणि "घावला जी" म्हणत, आवाजात दुःख आणून.

दाणा निघाला की लॉट परत. दुकानदार परत घेत नसल्याने पोतं मनकर्णाबाईंच्या घरी जाई आणि दुसरं पोतं येई. दुसऱ्या पोत्यात कधी काही निघालं नाही.

यंदाही निघाला. वाकरूळकरांनी तो भिंगाखाली धरला आणि त्यांची छाती फुगली. "बघ दिना. ठाण्याचे लोक दोन फेऱ्यांत थांबतात. म्हणून त्यांना गहू सापडत नाही."

"खरंय," दिनाबाई म्हणाल्या, आणि मनकर्णाबाईंकडे न बघता कांदा चिरू लागल्या.

त्याच वेळी वाकरूळकरांनी मनकर्णाबाईंना पूर्ण पद्धत समजावून दिली. दोन रंगांच्या चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे सणाची वस्तू, ती स्वयंपाकघरातल्या धुतलेल्या कपाटात. लाल म्हणजे खमिराची, ती मागच्या व्हरांड्यातल्या लोखंडी कपाटात. वाचता येण्याची गरज नाही. एकच गोष्ट बघायची.

"गहू हाय का नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"बरोबर. जिथं गहू, तिथं लाल. विचार करायचा नाही."

"विचार करायचा न्हाय," मनकर्णाबाईंनी पाठ करून घेतलं.

*शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर, सुवाच्य अक्षरात:*
*कलम सात.*

लोखंडी कपाटातला माल फेकायचा नसतो. तो सणापुरता दुसऱ्या धर्माच्या माणसाला रीतसर विकायचा आणि सण झाला की परत घ्यायचा, अशी सोय धर्मानेच करून ठेवली आहे. ठाण्याचे लोक एक फॉर्म भरून मोकळे होतात. वाकरूळकरांकडे शेजारी गयासभाई होते.

गयासभाई जिल्हा न्यायालयाबाहेर चाळीस वर्षं दस्तलेखक. आता घरी बसून फक्त वाकरूळकरांचा हा एक करार वर्षातून एकदा लिहीत, आणि एका करारात चाळीस वर्षांची हौस भागवून घेत. यंदा रमजान आणि पेसाह एकत्र आले होते. चौदावा रोजा होता, ओठ सुकले होते, पण लेखणी चालत होती.

"शालोमभाई, कच्चा सौदा नक्को. तोंडी काम केलं की भांडणं होतात. कपाट लिख्या. कुलूप लिख्या. कपाट ज्यावर उभं आहे, ती जमीन?"

"ती पण विका. चार फरश्या आहेत."

"हौ. चार फरश्या, शहाबादी."

दोन्ही किल्ल्या गयासभाईंकडे जायच्या, हे कलम चार. कलम सात वाकरूळकरांनी स्वतः सांगून घातलं होतं. तीन वर्षांपूर्वी सणाच्या चौथ्या दिवशी त्यांना एकाएकी शंका आली, की शेवयांच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं. शंका इतकी वाढली की ते गयासभाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दार वाजवलं नाही, पण हात उचलला होता. त्या उचललेल्या हाताची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी स्वतःविरुद्ध कायदा करून घेतला: सण पुरा होईपर्यंत विकणाऱ्याने कपाट उघडण्याची विनंती केल्यास ती मानू नये. विनंती जितकी कळकळीची, तितका नकार ठाम असावा.

"हे फार कडक होतंय, भाई," गयासभाई म्हणाले होते.

"कडकच पाहिजे. माझा माझ्यावर भरवसा नाही."

गयासभाईंनी ते वाक्य ऐकून लेखणी खाली ठेवली होती. चाळीस वर्षांत इतका प्रामाणिक पक्षकार त्यांनी पाहिला नव्हता.

*सणाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. चिठ्ठी नाही. चिकटवायला वेळ नव्हता.*

साडेअकराला सौदा लागू होणार होता. त्यानंतर घरातला खमिराचा कण वाकरूळकरांच्या मानेवर.

नेमक्या त्या वीस मिनिटांत मुंग्या आल्या. गयासभाईंच्या स्वयंपाकघरातून निघालेली एक शिस्तबद्ध रांग वाकरूळकरांच्या खिडकीत चढत होती, आणि सगळ्यात पुढची मुंगी नानचा पांढरा कण डोक्यावर घेऊन मिरवत होती. गयासभाई कपाटाला कुलूप घालायला आले होते. त्यांनी चष्मा लावून रांग पाहिली आणि मुंग्यांवर कोणतंही कलम लागू होत नाही, असं मत दिलं. वाकरूळकर स्टुलावर चढले, हातात हळदीचा डबा, आणि खिडकीच्या चौकटीवर सरहद्द आखू लागले.

याआधी तासभर दिनाबाईंनी बाबा पेट्रोल पंपाजवळच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून ठाण्याहून आलेलं पार्सल सोडवून आणलं होतं, व्हरांड्यात ठेवलं होतं, "आणलं हो खोकं" असं ओरडून सांगितलं होतं, आणि त्या अंघोळीला गेल्या होत्या. वाकरूळकरांनी ऐकलं होतं. म्हणजे कानांनी ऐकलं होतं.

"साहेब," मनकर्णाबाई खालून म्हणाल्या. "ह्या खोक्यावर गव्हाची वंबी काढलीय. कुठं ठिवू?"

वाकरूळकरांची नजर पुढच्या मुंगीवर होती. "गहू आहे ना?"

"गहूच हाय."

"मग विचारताय काय मनकर्णाबाई? जिथं गहू, तिथं लाल."

मनकर्णाबाईंनी विचार केला नाही. तसं सांगितलेलंच होतं. खोकं उचललं, लाल चिठ्ठी लावली, लोखंडी कपाटात ग्लुकोज बिस्किटं आणि पावाच्या लादीच्या मधोमध चेपून बसवलं. गयासभाईंनी दार लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि दोन्ही किल्ल्या सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले. मुंगी नानसकट परत फिरली. वाकरूळकर स्टुलावरून उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की लॉट पास आहे.

*दुपारी साडेचार. धुतलेलं कपाट, हिरव्या चिठ्ठ्या:*
*खजुराचा शिरा (बिनरव्याचा). काळ्या मनुकांचं सरबत. अंडी. मीठ. कोथिंबीर. मत्सा*

मत्सा या चिठ्ठीमागे काही नव्हतं.

रिव्काताई विमानतळावरून येऊन पाहुण्यांच्या खोलीत पडली होती. दिनाबाईंनी कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि मग नवऱ्याला हलक्या आवाजात विचारलं की खोकं कुठे ठेवलंय. वाकरूळकर म्हणाले, तू ठेवलंस. दिनाबाई म्हणाल्या, मी व्हरांड्यात ठेवलं. मग दोघांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं.

"तुमीच म्हनले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर गहू व्हता. मत्सा गव्हाचा न्हाय का?"

मत्सा गव्हाचाच असतो. गव्हाचाच असावा लागतो. जगातल्या सगळ्यात शुद्ध वस्तूवर सगळ्यात निषिद्ध धान्याचं चित्र होतं, आणि त्यांच्या पद्धतीत दोन्हींत फरक करायची जागाच ठेवलेली नव्हती. एकतीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या पद्धतीतल्या अशा चुका लाल पेनाने गोल करून दिल्या होत्या.

सेदेर, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीची पंगत, दिवस मावळल्यावर. मत्सा नसलेला सेदेर म्हणजे नवरदेव नसलेलं लग्न. या शहरात मत्सा विकत मिळत नाही. ठाण्याहून आता येत नाही. दिनाबाई म्हणाल्या, माझी आजी तव्यावर भाजायची, मीही भाजीन. पण घरातलं पीठ कपाटात होतं, म्हणजे गयासभाईंचं होतं, आणि दुकानातलं पीठ कुठे कधी भिजलं असेल याची खात्री कोण देणार? निदान वाकरूळकर तरी देणार नव्हते. आणि आतल्या खोलीत रिव्काताई होती. रुमालासकट.

वाकरूळकर शेजारी जाऊन गयासभाईंना हाताला धरून व्हरांड्यात घेऊन आले.

"एक मिनिटाचं काम आहे. उघडा, खोकं काढा, बंद करा."

"कलम सात," गयासभाई शांतपणे म्हणाले.

"अहो, ते मीच लिहायला सांगितलं होतं. मीच सांगतो, ते या वेळी लागू नाही."

"आप कौन सांगणारे? आप तो विकणारे. माल मेरा, कुलूप मेरं. और भाई, बुरा नको मानो, आप मेरी फरशीपर खडे हैं."

वाकरूळकरांनी खाली पाहिलं. खरंच, डावा पाय शहाबादीवर होता. त्यांनी तो मागे घेतला.

मग त्यांनी बहिणीचं सांगितलं, खारीचं सांगितलं, लग्नातल्या त्या म्हाताऱ्याचंही सांगितलं. बोलता बोलता त्यांचे हात जोडले गेले. गयासभाईंचा चेहरा कळवळला, पण तसतसा तो कडकही होत गेला.

"देखो, आता आपण हात जोडले. विनंती जितकी कळकळीची, तितका नकार ठाम. हे लिहिलंय. मघाशी मागितलं असतं तर थोडा विचार तरी केला असता. अब तो मुमकिनच नाही. और मेरा रोजा है, शालोमभाई. रोज्यात जबान मोडू?"

भिंतीपलीकडून त्यांच्या पत्नी जहांआराभाभींचा आवाज आला, की अजी, देऊन टाका ना बिचाऱ्याला. गयासभाईंनी तिकडे तोंड करून सांगितलं, की दस्तात बिचारा असा पक्ष नसतो.

*रिव्काताईच्या बॅगेवर, तिच्याच अक्षरात:*
*हात लावू नये. तुम्हीसुद्धा.*

पाच वाजता रिव्काताई उठली आणि तिने घर पाहिलं. सोफ्याच्या फटीत हात घातला. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवलं. मिक्सर कानाशी धरून हलवला. काही सापडलं नाही. ती थोडी उदास झाल्यासारखी वाटली.

सव्वासहाला टेबल मांडून झालं. पांढरा कपडा, सरबताचे पेले, मधल्या मोठ्या ताटात सगळं होतं आणि मध्यभागी मोकळी जागा होती. ताटातली ती मोकळी जागा कुणालाही दिसेल अशी होती. वाकरूळकर घसा साफ करून म्हणाले, "ताई, मत्सा नाही."

रिव्काताई दचकली नाही. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि बॅग उघडली. त्यातून तिची ताटली निघाली, तिचा चमचा, तिचा पेला, तिचं मीठ, पाण्याच्या दोन बाटल्या, उकडलेले बटाटे. शेवटी सोनेरी अक्षरांचं एक देखणं खोकं. "माझं मी आणलंय. माझा सॅमी पाठवतो अमेरिकेहून."

दिनाबाईंनी त्या ताटलीकडे पाहिलं. कल्हई करून आणलेली तांब्याची भांडी चुलीवर चमकत होती. ती कल्हई करणाऱ्याला, जेवताना भाकर कशाची खाल्लीस, हे वाकरूळकरांनी तीनदा विचारलं होतं. "वन्सं, तुम्ही आमच्याकडचं खाणारच नव्हता?"

"वाईट वाटून घेऊ नकोस गं."

"तू सगळं तपासलंस," वाकरूळकर म्हणाले. "तुला काही सापडलं नाही."

"सापडलं नाही म्हणजे नाही असं नसतं रे, शालोम. म्हणजे नीट लपलंय."

"तांदूळ तीनदा निवडलाय."

"भात?" रिव्काताईने डोळे मोठे केले. "पेसाहला? आम्ही तर तीन वर्षं झाली, भातही सोडला."

मग तिने मोठ्या मनाने सोनेरी खोकं पुढे सरकवलं. घ्या, म्हणाली, सगळ्यांना पुरेल. ठाण्यात काही सांगणार नाही, असंही म्हणाली, आणि ते ज्या सुरात म्हणाली त्यावरून कुणाकुणाला सांगणार तेही कळलं.

वाकरूळकरांनी खोकं हातात घेतलं. पुढची बाजू त्यांनी पाहिलीच नाही. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याच मालाची पुढची बाजू पाहिली नव्हती. हाताला सवयच तशी, की वस्तू आली की उलटी. मागे लॉट नंबर होता. तारीख होती. घटक होते: गव्हाचं पीठ, पाणी. त्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, इंग्रजीत एक ओळ. वाकरूळकरांनी ती चष्मा नाकावर ढकलून वाचली, कपाळावर चढवून वाचली, आणि पुन्हा नाकावर घेऊन वाचली.

*पेसाहच्या वापरासाठी नाही.*

तिकडच्या कंपन्या असा मत्सा वर्षभर विकतात, चहाबरोबर खायला. अठरा मिनिटांचा हिशेब नाही, देखरेख नाही. सणाच्या नियमाने तो आणि खारी यांत काडीचा फरक नाही.

वाकरूळकरांच्या हातात पाच वर्षं आली होती. एक तुकडा, फक्त नखाएवढा, एवढाच पुरे होता. त्यांचा उजवा हात हळूच खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

वाकरूळकरांनी रुमालाने चष्मा पुसला. दोन्ही काचा, सावकाश. मग चष्मा बहिणीपुढे धरला.

"ताई, मागची बाजू वाच. माझ्या चष्म्याने स्पष्ट दिसतं."

रिव्काताईने वाचलं. तिचा चेहरा आधी पांढरा, मग गुलाबी, मग कुठल्याच रंगाचा नाही असा झाला.

"तीन वर्षं," ती कशीबशी म्हणाली. "तीन वर्षं हाच पाठवतोय सॅमी. मी निम्म्या ठाण्याला वाटलाय."

त्या तीन वर्षांत तिने सणाला भातही खाल्ला नव्हता. वाकरूळकरांनी ते बोलून दाखवलं नाही. तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण उपवास होता.

*व्हरांडा. चार फरश्या, शहाबादी.*

इफ्तारला वीस मिनिटं होती. शेजारच्या घरात गयासभाईंपुढे खजुराची बशी होती आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. दारात सणाची जरीची साडी नेसलेली, काखेत सोनेरी खोकं धरलेली एक बाई येऊन उभी राहिली.

"शालोमने मागितलं तर तुम्ही देणार नाही म्हणे," रिव्काताई म्हणाली. "मी विकणारी नाही. विकणाऱ्याची बहीण."

गयासभाई ताठ बसले. त्यांनी फाईल मागवली, चष्मा लावला, आणि सातही कलमं पहिल्यापासून वाचली. करारात वारस होते, मुखत्यार होते, पुढच्या पिढ्या होत्या. बहीण नव्हती.

"बहिणीची तरतूद नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच्या लेखणीतली भेग सापडल्याचं त्यांना दुःख झालं की आनंद, हे त्यांनाही ठरवता आलं नाही. "चला."

कुलूप निघालं. मत्साचं सीलबंद खोकं बिस्किटांच्या आणि पावाच्या मधून बाहेर आलं, लाल चिठ्ठी मिरवत. गयासभाईंनी स्पष्ट केलं, की मी विकत नाहीये, भेट देतोय. विक्रीचा विषय नवीन दस्ताचा होईल. बदल्यात रिव्काताईने सोनेरी खोकं त्यांच्या हातात दिलं. हे काय, असं त्यांनी विचारलं. बिस्किटंच समजा, असं ती म्हणाली, आणि भिंतीकडे बघत राहिली.

अजान झाली. गयासभाईंनी खजूर तोंडात टाकला. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून जहांआराभाभींचा निकाल ऐकू आला: "अमेरिका का माल है, पण नमक कम है."

अलीकडे सेदेर सुरू झाला. रिव्काताईची ताटली त्या खोक्याला लागलेली, म्हणून ती बाद होती. चमचा बाद, बटाटे बाद. ती दिनाबाईंच्या ताटात जेवली. पावाशेजारी सात तास काढलेला मत्सा तिने मुकाट्याने खाल्ला. मग भाताचं पातेलं फिरलं. ते तिच्यापुढे आलं तेव्हा सगळे दुसरीकडे बघू लागले.

"तीनदा निवडलाय म्हणालास ना?" तिने विचारलं, आणि वाढून घेतला. मग आणखी एकदा घेतला.

*दहाव्या दिवशी. फ्रिजवर आता चिठ्ठी नव्हती, फक्त डिंकाचा डाग.*

ठाण्याहून बातम्या येत होत्या. रिव्काताईने सिनेगॉगच्या अंगणात जाहीर केलं होतं, की सण पाहावा तर शालोमकडे. घर कसलं, आरसा आहे आरसा. खारीचा विषय कुणी काढलाच तर तिनेच त्याला गप्प केलं. सोनेरी खोक्यांबद्दल ती काही बोलली नाही, आणि तिच्या भावानेही कुणाला काही सांगितलं नाही. दोघा भावंडांत इतका जिव्हाळा लोकांनी आधी कधी पाहिला नव्हता.

गयासभाईंनी कपाट परत केलं, फरश्या परत केल्या, आणि पुढच्या वर्षासाठी कलम आठचा मसुदा आणून दिला. त्यात बहीण, मेहुणे आणि आतेभाऊ यांचा बंदोबस्त होता. वाकरूळकरांनी तो वाचून बाजूला ठेवला. त्यांच्यात काहीतरी सैल झालं होतं. मुंगी आली तरी आता ते नुसते बघत.

मनकर्णाबाई भांडी घासत होत्या. वाकरूळकर मोरीच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"मनकर्णाबाई, फार छळलं मी तुम्हाला. पुढच्या वर्षापासून तांदूळ एकदाच निवडायचा. एक फेरी बास."

मनकर्णाबाईंचा हात थांबला. त्यांनी घासणी खाली ठेवली.

"एक फेरी कशी चालंल साहेब?"

"का? ठाण्याला दोनच करतात."

"ठाण्याचं आपल्याला काय करायचं? गहू कवाबी तिसऱ्याच फेरीत घावतो. पयल्या दोनीत कदीच न्हाय." त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. "सणाचं काम हाय. आसं ढिलं सोडून न्हाय जमत. तुमीच शिकिवलं."

वाकरूळकरांनी मनात हिशेब केला. आठ वर्षं, तिसरीच फेरी, एकच दाणा, टपोरा, डाग नसलेला. कुठल्याही लॉटमध्ये दोष इतक्या नियमाने येत नाही; एकतीस वर्षांचा अनुभव कानाशी ओरडून सांगत होता, की आता पुढचा प्रश्न विचार. मनकर्णाबाईंच्या पदराच्या टोकाला दाण्याएवढी एक बारीक, टणक गाठ होती, तीही त्यांना दिसली.

"बरं," ते म्हणाले. "तीन."

"चष्म्यासकट," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि घासणी उचलली.